बांधावरचे गवत कोणाचे?

भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडून आखडली, शेंडा वाळू लागला, की आमच्या धर्मापुरीत पहिला प्रश्न ठरलेला - "गुरुजी, काय फवारू?" मी काही शेतीतज्ज्ञ नाही, जन्मभर खडू हातात धरला. पण या प्रश्नाबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. तो प्रश्नच उशिराचा आहे.

शेंडेमर हा विषाणूचा रोग. तो बियाण्यातून येत नाही, फुलकिडे आणतात. फुलकिडा पिल्लू असतानाच रोगट झाडातून विषाणू घेतो आणि मोठा झाल्यावर मरेपर्यंत वाटत फिरतो. शेंडा मेलेले झाड बरे करणारे औषध कोणत्याही दुकानात नाही. फवारून आपल्या रानातले किडे मरतील, पण शेजारून नवे येतातच.

2000 साली आंध्र प्रदेशात, अनंतपूर जिल्ह्यात सुमारे सव्वादोन लाख हेक्टर भुईमुगावर रोग पडला. नुकसान 300 कोटींच्या वर गेल्याचा अंदाज होता. आधी वाटले, शेंडेमरच. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत तपासणी झाली, तर विषाणू निराळाच निघाला. आणि तो दडला होता कुठे? गाजर गवतात! गवत वरून हिरवेगार, विषाणू त्याच्या परागात. पराग भुईमुगाच्या पानावर पडतो, फुलकिडे पान खरवडतात, आणि तिथून रोग आत शिरतो.

म्हणून खरे उपाय रोग दिसण्याआधीचेच. पाऊस होताच वेळेवर पेरणी, रोपे विरळ पडू न देणे, शेताभोवती ज्वारी-बाजरीच्या दाट ओळी. आणि गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटणे.

खरी अडचण इथेच आहे, मंडळी. आपल्याकडे वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात; त्याच बांधावरचे गवत मात्र कोणाचेच नसते! मी माझा बांध साफ केला आणि शेजाऱ्याने ठेवला, तर वारा काय सातबारा बघून वाहतो?

मजूर मिळत नाहीत, गवताने अंगाला खाज सुटते, हे मला मान्य आहे. पण पेरणीनंतर महिन्याच्या आत एक दिवस, हातमोजे घालून, सगळ्या गावाने बांध आणि गायरान साफ करायला काय हरकत आहे? सप्त्याला वर्गणी न मागता जमते, तसेच हेही जमेल. सोयाबीन-कापसाच्या गर्दीत भुईमुगाचे थोडेच तुकडे उरलेत. ते एकेकट्याच्या पंपाने वाचणार नाहीत.

पटते का, बघा.