गोंद म्हणे!

मेंदू म्हणजे न्यूरॉन्सचं सर्किट, बाकी सगळं पॅकिंग! आमच्यातले एआयवाले हे छातीठोकपणे सांगतात तेव्हा डोकंच फिरतं. घोळ नावापासूनच आहे. १८५६ साली व्हिर्खोने त्या 'बाकी' पेशींना ग्लिया म्हटलं. ग्रीकमध्ये गोंद. बसला कायमचा शिक्का! (सपोर्ट टीमवाल्यांना हे दुःख कळेल.)

अहो, २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजातला प्रयोग बघा. उंदीर एका पिंजऱ्यात घाबरायला शिकले, तेव्हा काही अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे ताऱ्यासारख्या ग्लिया पेशी, कामाला लागल्या होत्या. नंतर दुसऱ्याच, निर्धोक पिंजऱ्यात फक्त त्याच पेशी चेतवल्या. उंदीर जागच्या जागी थिजले! आठवण जागी केली कुणी? गोंदाने?

तेव्हा मेंदूची नक्कल केल्याच्या गप्पा मारणाऱ्यांनो, तुमच्या मॉडेलमध्ये अ‍ॅस्ट्रोसाइट कुठेय ते आधी दाखवा राव.