त्यांचं ‘अनधिकृत’, आपलं ‘अतिक्रमण’

परवानगी न घेता घर बांधणाऱ्या दोन माणसांसाठी सरकारकडे दोन वेगळे शब्द आहेत. स्वतःच्या प्लॉटवर जादा मजला चढवला तर ते ‘अनधिकृत बांधकाम’. सरकारी जमिनीवर पत्र्याची खोली उभी केली तर ते ‘अतिक्रमण’. पहिल्याला नोटीस येते, मग अर्ज, मग दंड, मग शिक्का. दुसऱ्याच्या दारात जेसीबी येतो.

महाराष्ट्रातल्या तारखा एकाखाली एक मांडून बघा. भूमिहीनांनी कसण्यासाठी धरलेली गायरानं नियमित करण्याची मर्यादा १४ एप्रिल १९९०. झोपडीच्या मोफत पुनर्वसनाची मर्यादा १ जानेवारी २०००; त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना घर मिळतं, पण पैसे मोजून. विनापरवाना इमारतींना अभय देण्यासाठी २०१७ साली नगररचना कायदा बदलला गेला, तिथे मर्यादा ३१ डिसेंबर २०१५. गुंठेवारीचा कायदा २०२१ मध्ये सुधारला, तिथे मर्यादा ३१ डिसेंबर २०२०. कागद जितका पक्का, माफीची तारीख तितकी ताजी. हा योगायोग नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं. पहिला निदान स्वतःच्या जागेत बांधतो, दुसरा जनतेची जमीन बळकावतो. पण ही ‘स्वतःची जागा’ आली कुठून, हे कोणी विचारत नाही. १९०० च्या पंजाबमधल्या जमीन हस्तांतरण कायद्याने शेतजमिनीची खरेदी ‘शेतकरी जमातीं’पुरती राखली. त्या यादीत नसलेल्या दलितांकडे पैसे असते तरी जमीन घेता आली नसती. आपल्याकडे महार वतनाच्या तुकड्यामागे अख्ख्या गावाची वेठ होती; ती मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. आजही चित्र फारसं बदललेलं नाही. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के होत्या, पण २०१५-१६ च्या कृषिगणनेत त्यांच्याकडे वहितीची जमीन सुमारे ९ टक्केच होती. पिढ्यान् पिढ्या ज्याला सातबाऱ्यावर नाव लावू दिलं नाही, त्यालाच आता ‘तुझं नाव कुठे आहे?’ म्हणून विचारायचं. जातव्यवस्थेने केलेल्या चोरीवर हा कायद्याचा शिक्का आहे.

शिवाय ‘जागा सरकारी आहे’ हे कारणही खरं नाही. दिल्लीकडे बघा. २०१९ मध्ये केंद्राने कायदा करून तिथल्या १,७३१ अनधिकृत वसाहतींमधल्या रहिवाशांना मालकी हक्क देण्याचा मार्ग खुला केला. त्यात सरकारी जमिनीवरच्या वसाहतीही होत्या. या लोकांकडे होतं काय? मुखत्यारपत्र, साठेखत, पैसे दिल्याचा पुरावा. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं होतं. तरीही संसदेने कायदा करून ते कागद मान्य केले. मला त्यात आनंदच आहे. पण त्याच शहरातल्या झुग्गी-झोपड्या या कायद्याबाहेर राहिल्या. म्हणजे जमीन सरकारी असणं ही अडचण नव्हती, आणि कागद कच्चा असणं हीसुद्धा नव्हती. ज्याच्याकडे विकत घेतल्याचा पुरावाच नाही, त्याचं तिथलं आयुष्य पुरावा म्हणून मोजायचं नाही, एवढंच ठरलेलं होतं.

१३ नोव्हेंबर २०२४ चा बुलडोझरविरोधी निकाल महत्त्वाचाच आहे. किमान पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय घर पाडू नका, असं न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी सांगितलं. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी आणि जलाशय इथल्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण लागू नाही. रुळांच्या कडेला आणि पाण्याच्या काठाला कोण राहतं, हे या देशात सांगावं लागतं का? गावकुसाबाहेरची माणसं शहरात आली आणि शहराच्या कुसाबाहेर बसली.

‘मग काय सगळंच पाडायचं?’ नाही. गुंठेवारीत एक-दोन गुंठे घेऊन राहणारी कितीतरी कुटुंबं आपलीच आहेत. नियोजित शहराने त्यांना परवडेल असं काही विकलंच नाही. ती घरं नियमित झालीच पाहिजेत. पण विकण्यासाठी चार मजले जादा चढवणारा बिल्डर आणि डोक्यावर छप्पर शोधणारं कुटुंब यांना एकाच ‘अनधिकृत’ शब्दाखाली उभं करून माफी वाटू नका.

मागणी साधी आहे. घर नियमित करण्याची तारीख सर्वांना एकच ठेवा. बंगल्याला २०२० आणि झोपडीला २००० चालणार नाही. मालकीच्या कागदाऐवजी प्रत्यक्ष वास्तव्य हा निकष धरा. दंड नफ्यासाठी बांधणाऱ्याकडून घ्या. आणि जिथे राहणं खरोखर जिवाला धोक्याचं आहे, तिथे आधी जवळपास पर्यायी घर द्या, मग हात लावा.

पडीक सरकारी जमीन अनुसूचित जातींच्या वसाहतींसाठी राखून ठेवावी, असं बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मांडलं होतं. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. त्या अर्थाने सरकारी जमिनीवर आपला दावा कुठल्याही बंगल्याच्या जादा मजल्यापेक्षा जुना आहे. तो अतिक्रमण नाही. ती थकबाकी आहे.