नादखुळ्यांच्या गावात

शांततेची बाजू घेणारा माणूस कोल्हापुरात जरा संशयास्पदच ठरतो. तो एक तर पेन्शनर असावा, नाही तर पुण्याहून बदलून आलेला, असा आमच्याकडे सर्वसाधारण समज आहे. मी यांपैकी कोणीच नाही. ज्या गावाला ‘नादखुळा’ याहून मोठी शाबासकी सुचत नाही, त्याच गावचा मी. हलगी कडाडली की माझाही पाय जागच्या जागी राहत नाही. तेव्हा ‘याला आमचा सण बघवत नाही’ असे कृपा करून कोणी म्हणू नये.

माझी तक्रार अशी की, शांतता आपण केवळ मेलेल्यांसाठी राखून ठेवली आहे. सभेत दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे ते दुखवट्यासाठी. जिवंत माणसाला मात्र ती मागूनही मिळत नाही. परीक्षेला बसलेल्या पोराने मागावी, बाळंतिणीने मागावी, रात्रपाळी करून आलेल्या कामगाराने मागावी. उत्तर ठरलेले, ‘वर्षातून एकदाच तर आहे!’ गणपती, जयंत्या, वराती, वाढदिवस, निवडणुकीचा गुलाल, या सगळ्यांच्या ‘एकदाच’ची कोणी एकदा बेरीज करून बघावी.

यावर एक युक्तिवाद हमखास येतो. हे गावच रांगडे, गप्प बसणे याच्या रक्तात नाही. हे साफ खोटे आहे. 6 मे 2022 रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे झाली. त्या दिवशी सकाळी 10 वाजता हेच कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. वाहने जिथल्या तिथे थांबली, माणसे रस्त्यात थांबली. ज्या राजाने खासबागेत कुस्तीचे मैदान उभारले, अल्लादियाखाँसारख्या गवयाला पदरी ठेवले, तो काही आवाजाचा वैरी नव्हता. तरी त्याच्या आठवणीसाठी आपल्याला सुचले ते मौनच. त्या वर्षी भाषणेही थोडी झाली नाहीत. त्यांतले एक तरी वाक्य तुम्हाला आठवते का? मला नाही आठवत. पण त्या शंभर सेकंदांत मनात आलेले आठवते. 1902 सालचा पन्नास टक्के जागांचा हुकूम, जातोजातीच्या पोरांसाठी काढलेली वसतिगृहे, राधानगरीचे धरण, आणि त्यापुढे ओशाळवाणा प्रश्न: त्यातले आपण किती सांभाळले? हा प्रश्न भिंती हादरवणाऱ्या आवाजात कुणाला पडेल? तिथे शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, मग स्वतःचे कुठले?

कायदा आहे. 2000 सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबेल ही मर्यादा. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्राची तरतूद. हे आकडे साध्या बेरजेचे नव्हेत. दर दहा डेसिबेलला आवाजाची तीव्रता दसपट होते. म्हणजे 45 च्या जागी 105 झाले, की ती दहा लाख पट झाली. महाद्वार रोडच्या दाटीत, दोन्ही बाजूंच्या जुन्या घरांत, या दहा लाखांचे काय होत असेल ते त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारावे. भाऊसिंगजी रस्त्यावर तर एकीकडे सीपीआर रुग्णालय आणि समोर न्यायालयाची इमारत, जिथे 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते. रोगी आणि न्याय, दोघांनाही ऐकू येण्याची गरज!

आणि ज्याला आपण ‘डॉल्बी’ म्हणतो, त्या नावाची गंमत ऐका. रे डॉल्बी या गृहस्थाने 1965 साली लंडनमध्ये आपली कंपनी काढली आणि नाव मिळवले ते ध्वनिफितीतली खरखर कमी करण्याच्या युक्तीवर. आवाज स्वच्छ करणाऱ्याचे नाव आपण कान फोडणाऱ्या भिंतीला देऊन मोकळे झालो.

हलगीवाला माणूस असतो. त्याचा हात दुखतो, तो विडीला थांबतो, तेवढ्यात गल्लीतले पोर झोपून जाते. यंत्राला विडी लागत नाही.

तरुण कार्यकर्त्यांवर मी रागावलेलो नाही. पूर आला की छातीभर पाण्यात हीच पोरे उतरतात, हे 2019 मध्ये सगळ्यांनी पाहिले. त्यांना थोडी उसंत मिळाली तर ती विचार करतील, आणि विचार करणारी पोरे काहींना सोयीची नसतात. वर्गणीचा हिशेब, गल्लीतले पाणी, बेकारी, असले नको ते विषय शांततेतच निघतात.

म्हणून माझी सूचना लहान आहे. येत्या अनंत चतुर्दशीला पापाच्या तिकटीला पोचल्यावर प्रत्येक मंडळाने आपली यंत्रे फक्त शंभर सेकंद बंद ठेवावीत. टाळ नको, घोषणा नको, गणपती आणि माणसे तेवढी समोरासमोर. पोलिसांची गरज नाही. 2022 मध्येही शंभर सेकंद कोणी दंडुका दाखवून घेतले नव्हते. पोरे ऐकतील. पहिली हरकत कोण घेईल तेही मला ठाऊक आहे: मंडळाच्या फलकावर गणपतीपेक्षा ज्यांचा फोटो मोठा असतो, ते.