हद्द आमची नाही

कागलला एसटीत बसलेला माणूस तासाच्या आत निपाणीच्या स्टँडवर उतरतो. वाटेत दूधगंगा लागते, कोगनोळीचा नाका लागतो, पाट्यांवरची लिपी बदलते. बाकी सगळे तेच असते. गडहिंग्लजची माणसे संकेश्वरला बाजार करतात, चंदगडचा आजारी माणूस बेळगावला नेतात, कारण तेच जवळ पडते. सोयरीक तर अल्याड-पल्याड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या या रेषेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि या स्तंभात तो अनेकदा येऊन गेला. आज त्याच रेषेबद्दल लिहायचे आहे, पण मुलीबाळींच्या बाजूने.

एक माणूस धरून चालू. लहान मुलीवरच्या अत्याचाराबद्दल कोल्हापूरच्या न्यायालयात त्याला शिक्षा झाली. ती भोगून तो सुटला. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही म्हणून निपाणीत खोली घेतली आणि मुलांची ने-आण करणाऱ्या एका गाडीवर चालक म्हणून लागला. निपाणीच्या पोलिसांना हे कसे कळेल? आपण इथे राहायला आलो आहोत हे ठाण्यात जाऊन सांगायचे बंधन त्याच्यावर नाही. तो गेला हे पलीकडे कळवायचे बंधन कोल्हापूरच्या पोलिसांवर नाही. हाच माणूस चिकोडीतून निघून इचलकरंजीला गेला तरी गोष्ट तीच.

आपल्याकडे अशा गुन्हेगारांची यादीच नाही, असे नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग (एनसीआरबी) सांभाळतो. सुरुवातीलाच तिच्यात ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. नाव, पत्ता, छायाचित्र, बोटांचे ठसे असे सगळे त्यात असते आणि ती फक्त पोलीस व तपास यंत्रणांना पाहता येते. लोकांसाठी ती खुली नाही, हे मला योग्यच वाटते. अडचण वेगळी आहे. गुन्हा घडला की संशयित शोधायला ही नोंद कामाला येते. पण सुटलेल्या माणसाने बिऱ्हाड हलवले तर नवा पत्ता तिच्यात आणून देणारा कायदा देशात नाही. सीमाभागात बिऱ्हाड हलवायला एक टेम्पो पुरतो.

अमेरिकेने हा प्रश्न फार कडकपणे सोडवला. तिथे १९९४ च्या कायद्याने राज्यांना अशी नोंद ठेवायला लावले, १९९६ च्या ‘मेगन्स लॉ’ने ती लोकांपुढे आणली आणि २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने सगळ्या राज्यांना एका चौकटीत बसवले. घर, नोकरी किंवा शिक्षणाची जागा बदलली की कामाच्या तीन दिवसांत समक्ष हजर होऊन कळवायचे. राज्याची सीमा ओलांडून नोंद केली नाही तर तो केंद्रीय गुन्हा ठरतो आणि दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१६ च्या कायद्याने तर मुलांवरच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या नोंदणीकृत माणसाच्या पासपोर्टवरही तसा शेरा येतो. ब्रिटनमध्येही १९९७ पासून नोंद आहे, पण ती मुख्यतः पोलिसांच्या हाती राहते.

अमेरिकेच्या वाटेचा शेवट कुठे झाला तेही पाहायला हवे. मायामीत अशा लोकांनी शाळांपासून अडीच हजार फुटांच्या आत राहू नये असा नियम झाला. राहायला जागाच उरली नाही, म्हणून २०१० पर्यंत काही वर्षे अनेक जण समुद्रावरच्या एका पुलाखाली तंबू ठोकून राहिले. पत्ता नसलेल्या माणसावर लक्ष ठेवणे पत्ता असलेल्यापेक्षा कठीण असते. यात मुलींची सुरक्षितता कुठे वाढली, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

आपल्या कायद्यात माणसाच्या वावराला हात घालणारी एक तरतूद आहे, पण ती उलट्या दिशेची आहे. तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा, कर्नाटकाचा १९६३ चा. दोन्हींत ती आहे. कोल्हापूर, सांगली जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी हद्दपार केलेल्या माणसाला सर्वांत जवळची मोकळी जागा कोणती? निपाणी, चिकोडी, अथणी. महाराष्ट्राचा आदेश कोगनोळीच्या नाक्यावर संपतो. बेळगावहून हद्दपार झालेल्याला चंदगड तसेच मोकळे. एका राज्याने आपले घर झाडायचे आणि ते शेजाऱ्याच्या दारात पडायचे, हे दोन्ही राज्ये वर्षानुवर्षे करत आली आहेत आणि दारातल्यांना कुणी विचारत नाही.

आणि तरीही, ‘सगळ्यांच्या नावांचे फलक लावा, गावात शिरू देऊ नका’ ही मागणी मी करणार नाही. हजेरी, पास आणि नोंदवही यांनी माणसाचे काय होते, हे या भागाने पाहिले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग इथे वसाहती उभ्या राहिल्या. नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, पास असल्याशिवाय गाव सोडायचे नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण ठाण्यातल्या सवयी गेल्या नाहीत. बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती यांनी ‘बेरड’ या आत्मकथनात ते सगळे लिहून ठेवले आहे. चोरी कुठेही होवो, पोलिसांचे पाय आधी बेरड समाजाच्या वस्तीकडे वळायचे. म्हणून नव्या नोंदीचा विषय निघाला की माझी पहिली अट ही, की तिच्यात न्यायालयाने दोषी ठरवलेलाच माणूस असावा. संशयित नको, नुसता अटक झालेला नको, आणि कुणाची जात किंवा वस्ती तर नकोच नको.

दुसरी अट धारवाडमुळे सुचते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे सतरा वर्षांची मुलगी आणि तिच्याबरोबर पळून गेलेला मुलगा यांचे प्रकरण होते. पुढे त्यांनी लग्न केले, त्यांना मुलेही झाली. अशी प्रकरणे वारंवार येतात, तेव्हा विधी आयोगाने संमतीच्या वयाच्या अटीचा पुन्हा विचार करावा, असे खंडपीठाने म्हटले. आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात वय कमी करायला नकार दिला, मात्र सोळा ते अठरा वर्षांच्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना मोकळीक असावी असे सुचवले. आपल्याकडे पळून जायचे म्हणजे बहुधा सीमा ओलांडायचीच. निपाणीची पोरे कोल्हापूरला, कागलची बेळगावला. घरचे जातीपायी चिडतात, अपहरणाची फिर्याद होते, बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा पोक्सो कायदा लागतो. अशा मुलाचे नाव लहान मुलींना ओरबाडणाऱ्या माणसाशेजारी आयुष्यभर ठेवणे हा अन्याय आहे. म्हणून कोणाची नोंद राहील आणि किती वर्षे राहील, हे शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशानेच निकालात लिहावे, आणि काही वर्षांनी ते तपासून घेण्याची वाट खुली असावी.

या दोन अटी पाळून कायदा जरूर करावा. पोलीस हा राज्यांचा विषय असला तरी फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, संसदेला हे करता येते. बालकांवरच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने राहण्याचे ठिकाण बदलले की नव्या ठिकाणच्या ठाण्यात आठवड्याच्या आत कळवावे, मग ते ठाणे कोणत्याही राज्यातले असो. त्याला कुठेही राहायचा अधिकार राहील, कामधंदा करायचाही. फक्त मुलांशी रोजचा संबंध येईल अशा कामावर ठेवणाऱ्याला पोलिसांकडून वेळेवर उत्तर मिळेल.

इथे कुणी म्हणेल, असली नोंद करून मिळणार काय? आक्षेप खरा आहे. एनसीआरबीच्या अहवालांत वर्षानुवर्षे एकच गोष्ट दिसते: बलात्काराच्या दहा गुन्ह्यांपैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. घरातला, शेजारचा, कामावरचा. त्यातल्या बऱ्याच जणांना आधी कधी शिक्षा झालेली नसते, म्हणजे ते कुठल्याच यादीत नसतात. नोंद ही शिक्षा भोगून पुन्हा मुलांच्या जवळ जाऊ पाहणाऱ्या थोड्यांसाठी आहे. बाकीच्यांसाठी लागते ती फिर्याद. आणि सीमाभागात नेमकी तीच अडते.

मुलगी नणदी-बोरगावची, शिकायला कागलला, प्रकार घडला वाटेत. आई कुठल्या ठाण्यात जाणार? ‘हद्द आमची नाही’ हे वाक्य या पट्ट्यातल्या बायकांना नवे नाही. हे उत्तर आता बेकायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट लिहिले आहे, की गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याने फिर्याद नोंदवून घ्यायचीच. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. बलात्कारासारख्या गुन्ह्याची फिर्याद घ्यायला नकार देणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. भाषेचेही तसेच. निपाणीच्या ठाण्यात कागद कन्नडमध्ये लिहिला जातो, सांगणारी मराठीत सांगते, आणि काय लिहिले ते न कळता खाली अंगठा उठतो. पोक्सो कायद्यानुसार मुलीचा जबाब तिच्याच शब्दांत घ्यायचा असतो आणि त्यासाठी दुभाषी घेता येतो. तो मागायला हवा. मागणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे हे इथल्या प्रत्येक संघटनेचे काम आहे, मग तिचा झेंडा कोणताही असो.

दोन्ही सरकारांना रेषेवर लक्ष ठेवता येत नाही, हे तर सांगूच नये. २०२१ मध्ये कोरोना तपासणीचा दाखला नसलेल्याला कोगनोळी नाक्यावरून परत पाठवले जात होते. महाराष्ट्रातल्या नेत्यांना अडवायचे असले की त्याच नाक्यावर रातोरात बंदोबस्त लागतो. कोल्हापूर आणि बेळगावच्या पोलीस अधीक्षकांनी दर महिन्याला एकत्र बसून सुटलेल्या, तडीपार झालेल्या आणि पत्ता बदललेल्या अशा गुन्हेगारांची माहिती एकमेकांना दिली, तर त्याला नव्या कायद्याची गरज नाही. इच्छा लागते. दारू आणि गुटख्याच्या वाहतुकीवर अशी देवाणघेवाण करता येते, तर मुलांसाठी का नाही?

कायदा असूनही न पाळला जाणारा एक नियम आणखी सांगतो. पोक्सो नियम २०२० नुसार शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी, वसतिगृह, अशा मुलांशी रोज संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करून घ्यायची आहे. एकदा करून फाइलला लावायची नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले, तेव्हा आरोपी कंत्राटावरचा सफाई कामगार होता आणि पालकांना फिर्यादीसाठी तासन्‌तास ताटकळावे लागले होते. त्यानंतर महाराष्ट्रात पडताळणीची परिपत्रके निघाली. पण कागलच्या शाळेतल्या बसचा चालक निपाणीचा असेल तर कागलच्या ठाण्याचा दाखला पुरत नाही, निपाणीचाही लागतो. उसाच्या हंगामात हे आणखी बिकट होते. बीडकडच्या टोळ्या कोल्हापूर आणि बेळगावच्या कारखान्यांना येतात, आईबाप पहाटे फडात जातात, कोपीत मुली एकट्या राहतात. तिथे कोणतीच संस्था नाही, म्हणून नियमही नाही. मुकादम आणि कारखान्याला ही जबाबदारी कायद्याने द्यायला हवी.

जूनअखेरपर्यंत दोन्हीकडच्या शाळा उघडलेल्या असतात. निपाणी, कागल, संकेश्वर, गडहिंग्लज, चिकोडी, चंदगडच्या पालकांना माझी विनंती आहे: पहिल्याच पालकसभेत मुख्याध्यापकांना विचारा, की बसचा चालक, शिपाई, सफाई कामगार आणि क्रीडाशिक्षक यांची पोलीस पडताळणी कधी झाली, आणि सीमेपलीकडच्या ठाण्यातून झाली का. तारीख आणि कागद दाखवायला सांगा. तोंडी उत्तरावर उठू नका. मुलगी काही सांगू लागली तर आधी तिचे पूर्ण ऐका, १०९८ ला फोन लावा आणि जवळच्या ठाण्यात जा, ते कोणत्याही राज्याचे असले तरी.