संगणकी साचा आणि शल्यविशारदाचा हात

संपादक महाशय,

हाड कोठे कापायचे ते दाखविणाऱ्या संगणकी साच्यावाचून जबड्याचे अस्थिरोपण म्हणजे निव्वळ अदमास, हे गतांकातील लेखकाचे विधान वस्तुस्थितीस धरून नाही. कारण पोटरीतील बारीक हाड काढून त्यातून खालचा जबडा घडविण्याची पद्धत अमेरिकन शल्यविशारद हिडाल्गो यांनी १९८९ साली प्रसिद्ध केली, ती अशा साच्याविनाच. संगणकामुळे छेद अधिक काटेकोर पडतात, एवढे कबूल. परंतु साचा आधीच्या स्कॅनवर बेतलेला असतो, आणि एटापल्लीच्या रुग्णाची शस्त्रक्रियेसाठी नागपुरास जाण्याची तजवीज होईपर्यंत खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) जडलेला तोंडाचा कर्करोग मुदत देत नाही. मध्यंतरी गाठ आखलेल्या छेदांपलीकडे वाढली, की तो साचा निरुपयोगी ठरून शल्यविशारदास हातावरच विसंबावे लागते. लेखकाने याचा खुलासा करावा.

आपला,
एक वाचक, एटापल्ली (जि. गडचिरोली)