रिव्हर्ट करा म्हणजे काय करा?

कचेरीच्या मेलमध्ये 'प्लीज रिव्हर्ट' असे सर्रास लिहितात. म्हणजे उत्तर कळवा. आपल्याकडे हा अर्थ पक्का रुळलाय, पण मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणे. सॉफ्टवेअरवाल्यांत तर केलेला बदल मागे घेणे!

माझी नात त्याच क्षेत्रात आहे. साहेबांचा असा मेल आला तेव्हा तिने सरळ विचारले, "सर, उत्तर हवंय की बदल काढू?" शेजारचा हसला म्हणे, मराठी मीडियम! अहो, यात हसण्यासारखे काय? न विचारता तिने आठवड्याचे काम मागे घेतले असते तर? मोघम लिहिले साहेबांनी आणि हसू मात्र हिचे. माझ्या मते शब्द नीट कळला होता तो हिलाच. उत्तर हवे तर 'रिप्लाय' लिहावे, सगळ्यांना कळते. नात आता तसेच लिहिते. आणि अडले की अजूनही विचारते.