मराठीचा आडोसा

चाकसूस शील की डूंगरी म्हणून एक टेकडी आहे. तिच्यावर शीतलामातेचे देऊळ असून होळीनंतरच्या अष्टमीस तेथे मोठा मेळा भरतो. त्या दिवशी लोक चूल पेटवीत नाहीत. आदल्या दिवशी रांधलेले अन्न देवीस दाखवून तेच खातात. अशाच एका मेळ्याच्या बंदोबस्तावर असलेल्या मराठी अधिकाऱ्याने गर्दीची छायाचित्रे घेतली आणि गाढवावर बसणारी देवी, शिळे अन्न व बायकांचे घुंघट यांवर चार खोचक ओळी लिहून ती मराठी बांधवांच्या व्हॉट्सॲप गटावर धाडली. त्या गटात आम्हीही होतो. कित्येकांनी हसऱ्या चेहऱ्यांची चिन्हे उमटविली. आम्ही गप्प राहिलो. चौथ्या दिवशी तोच मजकूर हिंदी रूप घेऊन त्याच्याच कचेरीतील शिपायाच्या हाती पोचला.

मग गटात एकच प्रश्न गाजू लागला : फोडले कोणी? गट लहान करावा, जुने लिखाण पुसावे, स्क्रीनशॉट घेणारास हुडकावे, असे उपाय सुचले. मूळ ओळी लिहावयास नको होत्या, असे मात्र कोणीच म्हटले नाही. आमची तक्रार आहे ती नेमकी येथे. अब्रू सांभाळणे म्हणजे दार लावून घेणे, अशी आपली समजूत झाली आहे. आणि परमुलखात मराठी हेच आपले दार! परंतु आता यंत्र क्षणार्धात भाषांतर करून देते. तो आडोसा उरलेला नाही. आणि तो उरला असता तरी आडून केलेली कुचेष्टा ही कुचेष्टाच.

कोणी म्हणेल, अधिकाऱ्यासही खाजगी आयुष्य आहे. आहेच. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ साली फेसबुकवरील साध्या मतप्रदर्शनासाठी अटक झाली, तेव्हा सर्वांनाच लाज वाटली. ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा आधार घेण्यात आला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले हे योग्यच झाले. आम्हांस कायद्याचा बडगा नकोच आहे. १९६४ चे केंद्रीय वर्तणूक नियम आणि अखिल भारतीय सेवांचे १९६८ चे नियम अशोभनीय वर्तनास मनाई करतात. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांस समाजमाध्यमांविषयी स्वतंत्र सूचनाही दिल्या. पण नियम सरकारची अब्रू राखतात. मेळ्यातल्या त्या बाईची अब्रू कोणी राखावयाची? तिचे छायाचित्र तिला न विचारता चारशे घरांत गेले!

शिवाय या मुलखात आपले नाव आपल्याआधीच येऊन बसलेले आहे. चौथ आणि खंडणी वसूल करणारे, अशी येथे मराठ्यांची जुनी ओळख; याच प्रदेशात तुंग्यास १७८७ साली महादजी शिंद्यांच्या फौजा जयपूर-जोधपूरच्या फौजांशी झुंजल्या. तो डाग धुण्याची संधी आज प्रत्येक मराठी तहसीलदारास, अभियंत्यास, बँक अधिकाऱ्यास मिळते. ती चार ओळींच्या हशासाठी उधळावी काय? आणि हसावे तरी कशास? आपल्या आज्याही शीतलासप्तमीस चूल थंड ठेवून शिळेच खात होत्या. त्यांचे ते व्रत आणि यांचा तो अडाणीपणा, हा न्याय कोणत्या शाळेत शिकलो आपण?

म्हणून गुप्ततेच्या युक्त्या सांगणारांस आमचे एकच सांगणे आहे. कचेरीच्या ओट्यावर अर्ज घेऊन बसलेल्या म्हातारीपुढे, तिच्या ढुंढाडीत, जे वाचून दाखविण्याची छाती होत नाही, ते मराठीतही लिहू नये. आणि दुसऱ्याने लिहिलेच, तर निदान आपण गप्प बसू नये. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो; त्या चार ओळींत आमचाही वाटा आहे.